बंदरातली मोठी चूल

चुलीच्या धुराबद्दल आपण गटाच्या बैठकीत पुष्कळदा बोलतो. आज त्याहून मोठ्या चुलीबद्दल बोलू. ती चूल म्हणजे मालवाहू जहाज.

जहाजं आधी शिडावर, मग कोळशावर चालली. विसाव्या शतकात तेल आलं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर खाली जो डांबरासारखा दाट गाळ उरतो, तेच मोठ्या जहाजांचं स्वस्त इंधन झालं. त्यात गंधक फार. ते जळलं की गंधकाचा वायू आणि बारीक काजळी निघते. वारा ती किनाऱ्यावर आणतो आणि ती छातीत खोल जाते. जहाज धक्क्याला लागलं तरी दिवे-पंपांसाठी त्याची यंत्रं सुरूच असतात. म्हणजे भात शिजला तरी चूल पेटतीच!

अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदराशेजारी सान पेद्रो नावाची वस्ती आहे. 2001 साली तिथे नवा धक्का बांधायचं ठरलं, पण धुराचा नीट अभ्यास झाला नव्हता. रहिवासी कोर्टात गेले. 2002 मध्ये काम थांबलं, 2003 मध्ये तडजोड झाली. 2004 पासून त्या धक्क्यावर जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली. वायर जोडायची, यंत्र बंद करायचं, इतकं साधं.

जगाचा नियम मात्र सावकाश आला. जहाजांच्या धुराचा करार 1997 मध्ये झाला, लागू झाला 2005 मध्ये. तेव्हा इंधनात शेकडा साडेचार भाग गंधक चालत होतं. 2012 मध्ये ते साडेतीन झालं आणि 1 जानेवारी 2020 पासून अर्धा भाग. तरीही आपल्या एसटीच्या आजच्या डिझेलपेक्षा हे 500 पट जास्त आहे.

सख्यांनो, माल शहरात जातो, धूर किनाऱ्यावर राहतो. म्हणून आम्हाला सान पेद्रोची गोष्ट मोलाची वाटते. आपल्याकडेही 2006 च्या नियमाप्रमाणे मोठ्या बंदराआधी जनसुनावणी घेतात. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो गटात मोठ्यानं वाचू या. मग सुनावणीत उभं राहून एकच विचारू या: धक्क्याला लागलेल्या जहाजाला वीज देणार, की धूर आम्हीच गिळायचा? उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.