राजधानी क्षेत्रातील बससेवा : विकासाचे टप्पे आणि राज्यसीमांचा अडसर

राजधानी दिल्ली आणि लगतच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद व गुरुग्राम या शहरांमधील असंख्य नागरिक कामानिमित्त दररोज राज्याची सीमा ओलांडतात. त्यांच्यापैकी अल्प उत्पन्न गटातील प्रवाशांना बसचा मोठा आधार असतो. मात्र या सेवेची मालकी वारंवार बदलत गेली आणि महानगराच्या विस्ताराइतका तिचा विस्तार झाला नाही.

सरकारी सेवेचा प्रारंभ

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास दिल्लीतील बससेवा ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट या खाजगी कंपनीकडे होती. ती अपुरी पडू लागल्याने केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मे १९४८ मध्ये ती ताब्यात घेऊन ‘दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस’ सुरू केली. त्याच सुमारास, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली होती. दिल्लीची सेवा १९५० मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाकडे, तर १९५८ मध्ये महानगरपालिकेकडे सोपविण्यात आली. १९७१ मध्ये केंद्र सरकारच्या अधिपत्याखाली दिल्ली परिवहन महामंडळ स्थापन झाले. १९९६ मध्ये हे महामंडळ दिल्ली सरकारकडे हस्तांतरित करण्यात आले.

खाजगी बस आणि अपघात

महामंडळाच्या गाड्या अपुऱ्या ठरल्याने १९९२ मध्ये खाजगी ‘रेडलाईन’ बसना परवाने देण्यात आले. पुढे त्यांना ‘ब्लूलाईन’ हे नाव मिळाले. तिकिटांचे उत्पन्न थेट बसमालकाला मिळत असल्याने प्रवासी मिळविण्यासाठी चालकांमध्ये जीवघेणी स्पर्धा लागे. एकट्या २००७ या वर्षी ब्लूलाईन बसच्या अपघातांत शंभरहून अधिक जणांचा बळी गेला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांनंतर या बस टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या.

त्यांच्या जागी आलेल्या ‘क्लस्टर’ योजनेत खाजगी चालक संस्थांना प्रामुख्याने कापलेल्या अंतरानुसार मोबदला देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली, तर भाड्याचे उत्पन्न शासनाकडे जमा होऊ लागले. त्यामुळे प्रवाशांसाठी शर्यत लावण्याचे कारणच उरले नाही. या योजनेतील पहिल्या नारिंगी बस २०११ मध्ये रस्त्यावर आल्या.

इंधनातील बदल

वाढत्या वायुप्रदूषणाची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर चालविण्याचा आदेश दिला. मूळ मुदत ३१ मार्च २००१ ही होती. प्रत्यक्षात हे काम २००२ अखेरीस पूर्ण झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली मेट्रोही सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बसमधून मोफत प्रवासाची सवलत लागू करण्यात आली, तर २०२२ पासून महामंडळाच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या बस दाखल होऊ लागल्या.

सीमेचा प्रश्न

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या एकात्मिक विकासासाठी १९८५ मध्ये नियोजन मंडळाचा कायदा करण्यात आला. तथापि मोटार वाहन कायद्यानुसार बसचा परवाना त्या-त्या राज्याचे परिवहन प्राधिकरण देते. दुसऱ्या राज्यात नियमित सेवा चालवायची असल्यास तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. कराबाबत आणि फेऱ्यांच्या संख्येबाबतही राज्यांना आपसात करार करावा लागतो. त्यामुळे लोकवस्ती सलग असली, तरी बसचे मार्ग सलग राहत नाहीत.

मेट्रो २००९ मध्ये नोएडात आणि २०१० मध्ये गुरुग्राममध्ये पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील साहिबाबाद ते दुहाई दरम्यान ‘नमो भारत’ ही प्रादेशिक जलद रेल्वेही धावू लागली. गुरुग्रामने २०१८ मध्ये स्वतःची शहर बससेवा सुरू केली. रेल्वेमार्गांना राज्याची सीमा ओलांडता आली, बसचे नियोजन मात्र राज्यनिहाय विभागलेले राहिले. स्थानकापासून घरापर्यंतच्या अखेरच्या टप्प्यासाठी प्रवासी बसवर अवलंबून असतो. म्हणूनच राज्यांमधील समन्वय वाढल्याशिवाय संपूर्ण क्षेत्रासाठी एकसंध बससेवा उभी राहणे कठीण आहे.