न जमणाऱ्या कामाची कुळकथा

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणकावर प्रश्नमंजूषेचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम होता. त्यातले इंग्रजी शब्द काढून मराठी घालावेत, असे नववीतल्या एका मुलाच्या मनात आले. प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, सर्वांना खुला होता. पण तो बदलून विंडोजवर पुन्हा चालता करायचा, तर कंपाइल करणे भाग होते.

"सर, करून पाहू?" त्याने विचारले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठीचा मास्तर. सहज बोलून गेलो, "अरे, ते आपल्याला जमायचे नाही."

मुलगा मुकाट्याने गेला. मला मात्र चुटपुट लागून राहिली. म्हणून या विद्येचा इतिहास धुंडाळू लागलो, तो आरंभीच माझे वाक्य मला भेटले!

प्रोग्राम लिहिला जातो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला कळतात ते शून्य आणि एक. या दोहोंमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. विकतच्या प्रोग्रामात बहुधा भाषांतर तेवढे आपल्या हाती येते. मूळ ग्रंथ मालकाच्या कपाटात! हे कपाट उघडे असावे, म्हणून अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८७ साली त्यांचा जीसीसी हा कंपायलर बाहेर पडला. पण तो वाढलेला युनिक्सच्या घरात, आणि साध्या पीसीवर राज्य डॉसचे.

१९८९ च्या सुमारास युनिक्स वापरणाऱ्यांच्या एका सभेत डी. जे. डेलोरी यांनी स्टॉलमनना विचारले, जीसीसी डॉसवर आणणार का? उत्तर मिळाले, ते शक्य नाही. जीसीसी फार मोठा आणि डॉस सोळा बिटांचा. डेलोरी यांनी वाद घातला नाही. ते कामाला लागले. ३८६ या चिपमध्ये बत्तीस बिटांचे बळ होते, डॉस ते वापरीत नव्हता. डेलोरींच्या गो३२ या साहाय्यकाने ते बळ आणि ६४० केबीपलीकडची मेमरी प्रोग्रामला मोकळी करून दिली. हाच डीजेजीपीपी. १९९६ सालच्या गाजलेल्या क्वेक या खेळाची डॉस आवृत्ती याच साधनाने घडली.

वाचकहो, यातली मौज पाहा. 'शक्य नाही' म्हणणाऱ्यानेच कपाटाची किल्ली दाराला लावून ठेवली होती! जीसीसीचा मूळ मजकूर खुला नसता, तर डेलोरी काय करणार होते?

पुढे विंडोज आले. सिग्नस कंपनीतील स्टीव्ह चेंबरलेन यांच्या १९९५ साली ध्यानात आले की, विंडोज एनटी आणि ९५ यांच्या फायलींचा साचा ग्नूच्या साधनांना आधीच ओळखीचा आहे. अडचण निराळीच होती. कंपाइल करण्यापूर्वी 'कॉन्फिगर' नावाची आज्ञावली घरची चौकशी करते, आणि तिला सवय युनिक्सच्या माहेराची. म्हणून युनिक्सच्या मागण्या विंडोजला समजावून सांगणारा मध्यस्थ घडवला गेला, तो सिग्विन. १९९८ साली कॉलिन पीटर्स यांच्या मिनजीडब्ल्यूने या मध्यस्थावाचून थेट विंडोजचे प्रोग्राम घडवण्याची सोय केली. आणि २०१६ साली खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच लिनक्सच्या प्रोग्रामांना जागा दिली. सासरी माहेरची खोली निघाली म्हणा ना!

एवढे वाचल्यावर मी त्या मुलाला बोलावून घेतले. "माझे चुकले, बस, करून पाहू," म्हणालो. एमसिस२ ही साधनांची पेटी आम्ही उतरवून घेतली. पहिल्या संध्याकाळी एक लायब्ररी सापडेना. दुसऱ्या संध्याकाळी फोल्डरच्या नावातली मोकळी जागा आडवी आली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर मराठीत अक्षरे उमटली : 'पहिला प्रश्न'.

मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हा दुसऱ्या शाळेला द्यायचा?"

"दे," मी म्हणालो, "पण मूळ मजकुरासकट दे."