फ्रँकोनिया रिज
फ्रँकोनिया रिज ही अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील व्हाइट माउंटन्स पर्वतरांगेतील एक डोंगरधार आहे. लिटल हेस्टॅक, माउंट लिंकन व माउंट लाफायेट (१,६०० मीटर) ही शिखरे या धारेवर असून ॲपलेचियन ट्रेल ही दीर्घ पायवाट तिच्यावरून जाते.

एकदिवसीय पदभ्रमण
फॉलिंग वॉटर्स ट्रेलने चढून ओल्ड ब्रायडल पाथने उतरण्याचा वर्तुळाकार मार्ग सुमारे १४ किलोमीटर लांबीचा आहे. धबधब्यांलगतची पहिली वाट उभी व निसरडी असल्याने ती सहसा चढण्यासाठी निवडतात. दोन्ही उतार वनाच्छादित आहेत. मात्र लिटल हेस्टॅक ते लाफायेट हा सुमारे २.७ किलोमीटरचा माथा वृक्षरेषेच्या वर असून तेथे वारा व विजेपासून आडोसा नाही.

हिवाळा
हिवाळ्यात जंगलातील भुसभुशीत बर्फासाठी स्नोशू, तर गोठलेल्या माथ्यासाठी बुटांना बांधायचे लोखंडी काटे लागतात. उतरणीवरील ग्रीनलीफ हट हा निवारा या काळात बंद असतो. लिटल हेस्टॅक सोडल्यावर खाली उतरणारी पुढची वाट थेट लाफायेटवरच मिळते. त्यामुळे हवामान बिघडत असल्यास किंवा उशीर झाला असल्यास झाडीची सीमा ओलांडण्यापूर्वीच मागे फिरणे श्रेयस्कर ठरते.