ड्रायव्हरला हाक कोण मारतं?

जुन्या कॉम्प्युटरवर नको असलेला ड्रायव्हर चालू दिसला की बहुतेक जण त्याची फाईल शोधतात. डॉट सिसने संपणारी ती फाईल डिलीट करतात, मशीन रीस्टार्ट करतात आणि ती परत आलेली बघून कपाळाला हात लावतात. फाईल सापडणं सोपं असतं. पण ड्रायव्हर ही आपण होऊन उठणारी वस्तू नाही. कुणीतरी कुठेतरी त्याच्या नावाची ओळ लिहून ठेवलेली असते, नाहीतर एखादा प्रोग्राम त्याला मधेच हाक मारतो. शोधायचा असतो तो हाक मारणारा.

ही ओळ कुठे लिहायची ती जागा गेल्या ४० वर्षांत बदलत गेली, आणि दर बदलात ती मशीनच्या मालकापासून थोडी लांब गेली. आपल्याकडे तर नको असलेला ड्रायव्हर बऱ्याचदा मराठी अक्षरांचं बोट धरून घरात आला.

मार्च १९८३मध्ये एमएस-डॉस २.० आलं आणि बाहेरून ड्रायव्हर जोडायची सोय झाली. कॉन्फिग.सिस नावाची साधी टेक्स्ट फाईल असायची. तिच्यात 'डिव्हाइस' लिहायचं, बरोबरचं चिन्ह, पुढे ड्रायव्हरचं नाव. नको असेल तर ओळ खोडायची. तिच्या जोडीला ऑटोएक्झेक.बॅट. या दोन फायली वाचल्या की तुमच्या मशीनवर आपोआप काय उठतं हे जवळपास सगळं कळायचं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नव्हती.

मग विंडोज ३ आलं आणि विन.आयएनआय, सिस्टिम.आयएनआय या फायली वाढल्या. अजून तरी त्या वाचता येत होत्या. १९९३च्या विंडोज एनटीने खरा फरक केला. ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीत गेली, आणि रजिस्ट्री ही नोटपॅडमध्ये उघडायची गोष्ट नव्हे. तिथे प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे 'स्टार्ट' नावाचा आकडा असतो. ० म्हणजे बूट होतानाच उठव, १ म्हणजे कर्नल उभं राहताना, २ म्हणजे नंतर पण आपोआप, ३ म्हणजे कुणी मागितलं तरच, ४ म्हणजे बंद. विंडोज २००० आणि २००१ सालचं एक्सपी याच घराण्यातलं. आणि तुमच्या हातातल्या फोनमध्ये तर ही ओळ तुम्हाला दाखवायचीच नाही, असं ठरवूनच तो बनवलेला आहे.

आता मराठीकडे. अमेरिकेत बनलेल्या पीसीला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. तिथलं जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचलं की डॉसमधले इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवू लागायचे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. लिपी म्हणजे चक्क हातात धरता येणारी, स्क्रूने कसायची वस्तू होती! १९९१ला इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण विंडोजवर मराठी युनिकोड चालायला २००० साल उजाडलं. एक्सपीतसुद्धा सीडी घालून वेगळ्या फायली टाकाव्या लागत.

मधली १० वर्षं डीटीपीवाल्यांनी काय केलं? फाँटची पॅकेजेस विकत घेतली. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि सोबत एक कीबोर्डचा प्रोग्राम असे. कॉपी होऊ नये म्हणून मागच्या पॅरलल पोर्टला लावायचं लॉक यायचं, म्हणजे डोंगल. लॉक लावलेलं नसेल तर मराठी बंद. विंडोज ९५ आणि ९८मध्ये प्रोग्रामला पोर्टशी थेट बोलता येई. एनटीच्या घराण्यात ते चालत नाही, पोर्टला हात लावायचा हक्क फक्त कर्नलला. त्यामुळे लॉक तपासायला कर्नलमध्ये आपला माणूस बसवणं भाग पडलं. तो माणूस म्हणजे ड्रायव्हर.

नागपुरात महालात माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं. त्यांच्या एक्सपी मशीनवर काही सकाळी लॉगिन झाल्या झाल्या निळा स्क्रीन यायचा आणि त्यावर या लॉकच्या ड्रायव्हरचं नाव दिसायचं. पॅकेज कुणाचं ते इथे महत्त्वाचं नाही. ते व्हर्जन आता कुणी विकतही नाही. काकांची अट एकच होती : "लॉकले हात लावू नको. ते गेलं तं वीस वर्षांचं सारं गेलं." खरंच होतं ते. त्या फायली दुसरीकडे उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

म्हणून फाईल डिलीट करायचा प्रश्नच नव्हता. तसंही माझ्या डोक्यात २००५चं सोनी बीएमजी प्रकरण होतं. ३१ ऑक्टोबर २००५ला मार्क रुसिनोविच या विंडोजतज्ज्ञाने जाहीर केलं की विकत आणलेल्या एका गाण्यांच्या सीडीने त्याच्या मशीनवर गुपचूप ड्रायव्हर बसवले आहेत. त्यातला एरीज.सिस तर डॉलर-सिस-डॉलरने नाव सुरू होणारी प्रत्येक फाईल दिसेनाशी करायचा. काही ड्रायव्हर सेफ मोडमध्येही उठतील अशी तजवीज होती. त्याने ते हाताने काढले आणि सीडी ड्राइव्हच गायब झाला. कारण क्रेटर.सिस हा ड्रायव्हर विंडोज आणि सीडी ड्राइव्ह यांच्या मधोमध फिल्टर म्हणून बसला होता, आणि फाईल गेली तरी रजिस्ट्रीतलं त्याचं नाव तसंच होतं. मधला माणूस उडवला की साखळीच तुटते. ते नाव शोधून काढल्यावर ड्राइव्ह परत आला. बोभाटा झाल्यावर कंपनीने त्या सीडी बाजारातून परत मागवल्या. उद्देश इथेही तोच होता, कॉपी होऊ नये. फरक इतकाच की काकांनी लॉक पैसे मोजून, समजून घेतलं होतं.

तर काकांच्या मशीनवर आधी ड्रायव्हरक्वेरी ही कमांड चालवली. ड्रायव्हर 'रनिंग'. मग स्टार्टचा आकडा बघितला, तो ३. इथे मी सावरून बसलो. ३ म्हणजे मागितल्याशिवाय उठायचं नाही, आणि हा तर रोज उठतोय. म्हणजे मागणारा कुणीतरी आहे. आकडा ४ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३ आणि ड्रायव्हर चालू. मागणारा नुसता हाक मारत नव्हता, आधी कडी काढून मग हाक मारत होता.

सेफ मोडमध्ये ड्रायव्हर शांत होता. म्हणजे हा मागणारा सेफ मोडमध्ये न उठणाऱ्यांपैकी. मग प्रोसेस मॉनिटर लावला. हे टूल रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचं. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ला घेतली. त्यात बूट होतानाची प्रत्येक हालचाल टिपायची सोय आहे. एक्सपीवर चालणारं जुनं व्हर्जन शोधावं लागलं. बाहेर ४५ डिग्री, कूलरचा आवाज, आणि स्क्रीनवर लाखो ओळी. ड्रायव्हरच्या नावाने फिल्टर केलं तर आकडा बदलणारा सापडला : सर्व्हिसेस.एक्झ.

हे उत्तर खरं होतं आणि निरुपयोगीही. कुठल्याही प्रोग्रामला ड्रायव्हर उठवायचा असला की तो सर्व्हिसेस.एक्झकडे अर्ज करतो आणि रजिस्ट्रीत लिहायचं काम ती करते. शिक्का कुणी मारला ते कळलं, अर्ज कुणाचा ते नाही. सरकारी ऑफिसात गेलेल्या कुणालाही ही अडचण समजेल.

मग त्या क्षणाच्या आधीच्या ओळी वाचल्या. शिक्क्याच्या जरा आधी ड्रायव्हरची फाईल जागेवर आहे का ते तपासणारा एक प्रोग्राम दिसला : घड्याळाशेजारी आयकॉन असलेला मराठी कीबोर्ड. आयकॉन दाखवण्याआधी तो लॉक तपासायचा, त्यासाठी ड्रायव्हर लागायचा. तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच मंडळींच्या ऑटोरन्स या टूलमध्ये लॉगिनला उठणाऱ्या ११ नोंदी होत्या. आधी निम्म्या बंद केल्या, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. चौथ्या रीस्टार्टला तोच कीबोर्ड उरला.

त्याची एक नोंद बंद केली, बाकी कशालाच हात लावला नाही. आता काका मशीन पूर्ण उठल्यावर कीबोर्डच्या आयकॉनवर क्लिक करतात, ड्रायव्हर तेव्हा उठतो आणि निळा स्क्रीन येत नाही. माझा अंदाज असा की लॉगिनच्या गर्दीत प्रिंटर आणि लॉक दोघं एकदमच पॅरलल पोर्टवर धडकत होते.

मशीन मात्र बदलता येत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. ३२ बिटचा तो ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर उठतच नाही, आणि नव्या मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट सहसा नसतो. म्हणून फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणायला मी एक स्क्रिप्ट लिहिलीय. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'निमंत्रण'मध्ये आधी वेलांटी, मग न. युनिकोडमध्ये उलट. रफार अक्षराच्या नंतर येतो, तो उचलून आधी न्यावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी असली की दोन्ही नियम भांडतात. शिवाय 'कार्याध्यक्ष'मधला र आणि 'दुसऱ्या'मधला र वेगळे, हे युनिकोडला वेगळं सांगावं लागतं. लग्नपत्रिका बऱ्यापैकी सुटल्यात. झाडीबोलीतले संवाद असलेल्या फायली काका स्वतः ओळ न् ओळ तपासतात, कारण तिथे चूक कुठली आणि बोली कुठली हे मला कळत नाही.