मोटार घ्यायची, पण कोणती?

वाचकहो, माजरीच्या स्टेशनाबाहेर आज थोडा वेळ उभे राहा. कोळशाच्या ट्रकांच्या धुरळ्यातून घरगुती मोटारी जाताना दिसतील, आणि त्यांचे प्रकार इतके, की मोजता मोजता हातातला चहा निवतो. नवी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला आज प्रश्न पडतो तो ‘कोणती घ्यावी?’ हा. साठ वर्षांपूर्वी प्रश्न निराळाच होता: ‘मिळणार केव्हा?’

त्याही आधी निवड होती, हे आपण विसरतो बरे का! १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शेव्हरोलेट जुळवायला आरंभ केला, फोर्डही आली. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी इथे बांधली जायची. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. पुढे १९५३ साली सरकारने ठरवले, की नुसती जुळवाजुळव नको, भागही इथेच घडले पाहिजेत. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. हे धोरण चुकले असे मी म्हणणार नाही. परकीय चलन तोकडे होते आणि कारखाने उभे राहायला हवे होते. पण त्याचा भार सोसला तो गिऱ्हाइकाने.

मग उरल्या त्या मुख्यतः तीनच. कुर्ल्याची फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. फियाट आटोपशीर, पेट्रोल कमी पिणारी. पण माजरीहून वणीकडे किंवा वरोऱ्याकडे जायचे, त्यात पावसाळ्यातली आपली काळी माती, आणि आजीसकट सगळे घर एकाच गाडीत कोंबायचे! अशा वेळी अँबॅसॅडरचे रुंद बाक आणि दणकट अंग कोणालाही भुलवणारच. शिवाय ती अडली, तर गावातला साधा मिस्त्रीसुद्धा पाना घेऊन तिच्याखाली शिरे. खाणगावात हा गुण रंगरूपापेक्षा मोठा.

मात्र ही सारी चर्चा घरातल्या ओसरीवरची. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम आला. अनामत भरायची, विक्रेत्याच्या वहीत नाव घालायचे, आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची. तोवर मुलीचे लग्न निघे, घराचे छप्पर गळू लागे. मग अनामत काढून घ्यावी की नंबर राखावा? अहो, नंबर सोडला की पुन्हा शेपटाला उभे राहायचे! थांबवत नसेल, त्याने वापरलेली गाडी घ्यावी; तर ती कधीकधी नवीपेक्षाही महाग. आज हे सांगितले तर पोरे हसतात.

१९८३ च्या १४ डिसेंबरला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांचे नाव निघाले होते तेही सोडतीत. पुढे दुकानांत गाड्यांची रांग लागली, तरी त्यांनी ती मारुती बदलली नाही. २०१० साली ते वारले, तोवर ती त्यांच्याकडेच होती.