ॲलन पेज : मैदानावरून न्यायासनावर

अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलायचं तर आधी एक खुलासा करावा लागतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. इथे चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचं आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं पाडायचं. रग्बीचा भाऊबंदच म्हणा ना. बचावाच्या पहिल्या रांगेत धिप्पाड गडी उभे असतात. समोरची माणसांची भिंत फोडून चेंडूवाल्याला लोळवणं हे त्यांचं काम. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते ॲलन पेज या रांगेतले. पुढे ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

जन्म १९४५चा, ओहायो राज्यातल्या कँटन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. कृष्णवर्णीय कुटुंब. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ॲलन आठ वर्षांचा होता. आपण वकील व्हायचं, हे त्याने लहानपणीच मनाशी धरलं होतं. फुटबॉल नंतर आला. याच कँटनमध्ये त्या खेळातल्या थोरांचं स्मारक-संग्रहालय, म्हणजे 'हॉल ऑफ फेम', उभं राहत होतं तेव्हा या पोराने त्या बांधकामावर मजुरी केली. पंचवीसेक वर्षांनी, १९८८ साली, त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला. कादंबरीत असं कुणी लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

नोत्र दाम विद्यापीठातून पेज १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आले. त्या संघाची जांभळ्या पोशाखातली बचावफळी अशी काही धुमाकूळ घालायची की लोकांनी तिला 'पर्पल पीपल ईटर्स', म्हणजे माणसं खाणारे जांभळे, असं नाव ठेवलं. १९७१ साली पेज संपूर्ण लीगमधले सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावातल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. संघ चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. असो.

मला या माणसात रस वाटतो तो पुढच्या भागामुळे. व्हायकिंग्जमध्ये असताना एकदा प्रशिक्षकाने बचावफळीच्या खेळाडूंना डावपेचांची वही मोठ्याने वाचायला लावली. काहींनी वाचलं, काही अडखळले आणि काहींना वाचताच येईना. हे सगळे महाविद्यालयात शिकून आलेले! म्हणजे शाळेने आणि महाविद्यालयाने त्यांच्याकडून खेळ तेवढा वसूल केला आणि अक्षरओळखही नीट न देता पुढे ढकललं. पेज हा प्रसंग कधी विसरले नाहीत. हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा एखादा प्रशिक्षक किंवा जुना सहकारी बोलावतात. त्यांनी मिनियापोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं, आणि स्वतःच्या भाषणात खेळाऐवजी शिक्षणावरच बोलले.

स्वतःची वकिली त्यांनी खेळता खेळताच शिकून घेतली. पहिल्यांदा कायद्याच्या वर्गात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडलं. १९७५ साली मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा घातलं आणि १९७८ साली पदवी घेतली. याच काळात पत्नी डायान यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती. हेही सोबत धावू लागले आणि त्यांना त्याची गोडीच लागली. वजन उतरलं. प्रशिक्षक बड ग्रँट यांना ते पसंत पडेना. बचावाच्या रांगेतला गडी भरभक्कम हवा, हा त्यांचा हिशोब. शिवाय पेज खेळाडूंच्या संघटनेत पुढे असायचे, १९७४च्या संपातही होते. १९७८च्या हंगामाच्या मध्यावर व्हायकिंग्जने त्यांना सोडून दिलं. शिकागो बेअर्सने त्यांना उचललं ते नियमाप्रमाणे भरायच्या १०० डॉलर शुल्कावर. सात वर्षांपूर्वीचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, आणि किंमत १०० डॉलर!

शिकागोत ते आणखी तीन वर्षं खेळले. एकूण सलग २१८ सामने, एकही न चुकवता. १९७९ साली पूर्ण मॅरेथॉनही धावले. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिलेच.

निवृत्तीनंतर वकिली, मग राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात नोकरी. आता इथे आपल्याला थोडं वेगळं वाटेल. आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. मिनेसोटात ते मतपेटीतूनही येतात. १९९२ साली पेज यांना सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती. पण राज्यपालांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींना मुदतवाढ दिली, म्हणजे निवडणूकच रद्द. पेज थेट कोर्टात गेले. पण जायचं कुठे? दाद मागायची ती त्याच सर्वोच्च न्यायालयात! नेहमीचे न्यायमूर्ती बाजूला झाले, त्यांच्या जागी तात्पुरते न्यायाधीश बसले आणि त्यांनी पेज यांच्या बाजूने निकाल दिला. निवडणूक झाली, पेज जिंकले आणि जानेवारी १९९३मध्ये त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती म्हणून बसले. माझ्या मते मैदानावरच्या कुठल्याही सामन्यापेक्षा ही लढत मोठी. एक जागा मिळवण्यापुरती ती नव्हती. मतदाराचा हक्क परस्पर काढून घेता येतो का, हा तिथला प्रश्न होता.

२०१५ साली वयाची सत्तरी आली आणि राज्याच्या नियमानुसार ते पायउतार झाले. त्यांच्या नावाने १९८८पासून चालणारी संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. अट एकच, पैसे घेणाऱ्याने लहान मुलांच्या अभ्यासाला वेळ द्यायचा.

मिनियापोलिसमध्ये अलेक्झांडर रॅम्सी यांच्या नावाची एक शाळा होती. हे रॅम्सी मिनेसोटाचे जुने राज्यपाल. १८६२ साली डकोटा आदिवासींना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं उघड म्हणणारे. शाळेतल्या मुलांनीच नाव बदलायची मोहीम चालवली आणि २०१७ साली शाळेच्या पाटीवर न्यायमूर्ती पेज यांचं नाव लागलं.

आणि हो, शहराची मॅरेथॉन त्यांच्या घरावरून जाते तेव्हा हे गृहस्थ अंगाभोवती गुंडाळायचं ते भलंमोठं पितळी वाद्य, सूझाफोन, घेऊन बाहेर उभे राहतात आणि धावणाऱ्यांसाठी वाजवतात.