कल्याणला मोनोरेल आली असती तर…

आपली सेंट्रल लाइन डोंबिवलीकरांसाठी टाकलेलीच नव्हती. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854ला रूळ कल्याणला पोचले. पण जीआयपी रेल्वेची नजर त्याच्याही पुढे होती. बोर घाट आणि थळ घाट ओलांडून आतल्या मुलखातला कापूस बंदरावर आणायचा होता. कल्याण जंक्शन झालं ते या दोन घाटांमुळे. डोंबिवलीला स्टेशन मिळालं तीसेक वर्षांनी. कापसाच्या वाटेवर पुढे माणसांची शहरं उभी राहिली, आणि आपण अजूनही त्याच वाटेची रुंदी वाढवतोय: 1916मध्ये पारसिकचा बोगदा झाला, ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008मध्ये मंजूर झाली आणि सुरू व्हायला 2022 उजाडलं. जून 2025मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, तेव्हाही त्या रुंदीचाच प्रश्न होता.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर घेताना आम्ही आधी विचारतो, सर्वाधिक लोड किती येणार? वाहतुकीतही तेच. सकाळच्या एका तासात, एका दिशेने किती माणसं जाणार? गाडी कशी दिसते ते नंतर बघू.

भिवंडीच्या बाबतीत हा प्रश्न नीट विचारला गेला नाही. यंत्रमाग आणि गोदामांचं हे शहर ठाणे आणि कल्याणच्या मध्ये आहे, पण मुख्य लाइनच्या बाहेर. भिवंडी रोड स्टेशन आहे दिवा-वसई मार्गावर. म्हणजे ठाण्याला जायचं तर रस्ताच. पंधराएक वर्षांपूर्वी एमएमआरडीएने ठाणे-भिवंडी-कल्याणसाठी चक्क मोनोरेलचा विचार केला होता. अरुंद रस्त्यावरून जाते, तीव्र वळण घेते, जागा कमी लागते. कागदावर सगळं बरोबर.

फक्त चार डब्यांच्या मोनोत 568 माणसं मावतात. आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-पाच हजार जातात. (मावतात असं मी म्हणणार नाही.) 2014मध्ये चेंबूर-वडाळा मोनो सुरू झाली आणि तिचे हाल सगळ्यांनी पाहिले. सुदैवाने कल्याणची मोनो बारगळली, तिच्या जागी मेट्रो 5 आली. डिसेंबर 2018मध्ये भूमिपूजन झालं, लांबी सुमारे 25 किलोमीटर. 19 ऑगस्ट 2025च्या पावसात लोकल बंद पडल्या, लोक मोनोकडे वळले, आणि 104 टनांची मर्यादा असलेली गाडी 109 टनांवर जाऊन मध्येच अडकली. शिड्या लावून माणसं उतरवावी लागली. भिवंडी नाक्यावरून रोज सकाळी हे बघायला लागलं असतं.

ठाण्याची गरज निराळी. घोडबंदर, कोलशेत, वागळे इस्टेट इथल्या माणसाला गावातल्या गावातच फिरायचं असतं. मधे लाइट रेलचाही विचार झाला. शेवटी ऑगस्ट 2024मध्ये केंद्राने मंजूर केली ती 29 किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो. मला विचाराल तर तिथे लाइट रेलवर वाद घालायला अजूनही जागा आहे. भिवंडीत मोनोवर नाही.

आणि डोंबिवली? मेट्रो 5 खाडीपलीकडून जाते, आमच्या कामाची नाही. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात जाणारे आम्ही कल्याणच्या बाजूने ठाण्याला येतो, पूल चढतो, प्लॅटफॉर्म बदलतो आणि ट्रान्स हार्बर पकडतो. आम्हाला नवीन गाडीच नको. कळवा-ऐरोली हा थोडक्या किलोमीटरचा उन्नत जोडमार्ग झाला की कल्याणची लोकल थेट वाशीकडे वळेल आणि ठाणे स्टेशनवरचा भार हलका होईल. त्यातलं दिघे गाव स्टेशन जानेवारी 2024मध्ये सुरू झालं. उरलेला भाग अडलाय तो कळव्यात, मार्गात येणाऱ्या घरांपाशी. तिथल्या लोकांचा प्रश्नही वाहतुकीचाच आहे: नवीन घर देणार ते स्टेशनपासून किती लांब?